खालची ओळ वाचता येते, तरी काचबिंदू असू शकतो

नमस्कार डॉक्टर,

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. माझे वडील, आप्पा, ६७ वर्षांचे आहेत, अजून शेतात जातात. डिसेंबरात गावात मोतीबिंदूचं शिबिर झालं. तिथं मोतीबिंदू अजून कच्चा आहे म्हणाले, पण डोळ्याचा दाब एका डोळ्यात २८ आणि दुसऱ्यात २४ निघाला. काचबिंदू आहे, पुढे दाखवा, असं सांगून टिमोलॉलचे थेंब दिले. एक बाटली संपली, नंतर आप्पांनी आणूच दिली नाही. दिसण्यात काही फरक पडला नाही, आणि थेंब टाकले की धाप लागते म्हणायचे. त्यांना दमा आहे, आम्ही वयाचं समजून सोडून दिलं. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला तर अगदी खालची ओळही वाचली, तेव्हा ते म्हणाले डोळे चांगले आहेत. शेजारचे म्हणतात ऑपरेशन करून मोकळे व्हा. कोणी पुण्याला जा म्हणतं, कोणी थेट चेन्नईला. नेमकं कुणाकडे जावं? मी ४४ वर्षांची, भाऊ ४१ चा. आम्हालाही हे होईल का?

– एक मुलगी, जि. सातारा

ताई,

तुमच्या पत्रातलं धापेचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून आधी तेच घेते. टिमोलॉल हे काचबिंदूचं जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे, पण दम्याच्या माणसाला ते चालत नाही. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून तो नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि श्वासनळ्या आवळू शकतो. नाडीही मंद करतो. आप्पांना लागत होती ती धाप वयाची नसून औषधाची असण्याची दाट शक्यता आहे. शिबिराच्या गर्दीत दम्याचं विचारायचं राहून गेलं असेल, किंवा विचारल्यावर आप्पांनी ‘काही नाही’ म्हणून सांगितलं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरला छातीचं दुखणं सांगायचं असतं हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. घरात ती बाटली उरली असेल तर पुन्हा सुरू करू नका. पण उपचारच नको असा त्याचा अर्थ होत नाही. दम्याच्या माणसाला चालतील अशी दुसरी औषधं आहेत, आणि ती सुरू व्हायला उशीर झाला आहे. ती बाटली संपल्यापासून आप्पांचे डोळे उघड्यावर आहेत असंच मी म्हणेन. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत त्यांना दाखवा, सुगी होऊ दे म्हणून थांबू नका.

दम्यासाठी ते कोणता पंप ओढतात, कधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, हेही लिहून न्या. स्टेरॉइडनं काही जणांच्या डोळ्याचा दाब चढतो. सगळ्यात जास्त चढतो तो स्टेरॉइडच्या थेंबांनी, म्हणजे डोळे लाल झाले, खाज सुटली की लोक मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतात त्या थेंबांनी. ऍलर्जीसाठी महिनोन् महिने असे थेंब टाकून नजर गमावलेली शाळकरी मुलं नेत्रविभागांत येतात, आणि हे सगळं टाळता येण्यासारखं असतं याचा मला फार त्रास होतो. दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनानं बंद करायचा नाही. फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

आता, चष्म्याच्या दुकानात खालची ओळ वाचली ते कसं काय? ते खरंच आहे, आणि म्हणूनच हा आजार इतका फसवा आहे. डोळ्याच्या आत सतत एक स्वच्छ पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निचरून जातं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं तसं इथंही होतं: निचरा अडला की डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. वाढलेल्या दाबानं डोळ्याच्या मागची नस, म्हणजे जी पाहिलेलं सगळं मेंदूकडे नेते ती, हळूहळू झिजते. झीज सुरू होते ती कडेच्या नजरेपासून. मधली नजर, जिनं आपण अक्षरं वाचतो, सुईत दोरा ओवतो, ती शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे नस अर्ध्याहून जास्त गेलेला माणूसही तक्त्यावरची खालची ओळ घडाघडा वाचतो. दुकानदार खोटं बोलला नाही. त्यानं नंबर तपासला, आणि नंबर तपासताना नस बघितली जात नाही.

माणसाला कडेला काळं दिसत असेल असं लोकांना वाटतं. तसंही नसतं. मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून काढतो, आणि एका डोळ्यात उणीव असेल तर दुसरा सांभाळून घेतो. आप्पांकडे तुम्हीच जरा लक्ष देऊन बघा. बांधावरून चालताना पायाखालचं चुकतं का, उंबऱ्याला ठेच लागते का, बाजूनं येणारी सायकल अगदी जवळ आली की दचकतात का, संध्याकाळी गाडी चालवायचं टाळतात का. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा. काहीच दिसलं नाही तरी निश्चिंत होऊ नका. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या पाहण्यांमध्ये काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. त्या हिशोबानं शिबिरात आप्पांचा दाब कुणीतरी मोजला आणि तुम्हाला सांगितला, हे फार चांगलं झालं.

शेजाऱ्यांचं ‘ऑपरेशन करून मोकळे व्हा’ हे मोतीबिंदूला लागू पडतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवलं की माणसाला पुन्हा दिसतं. काचबिंदूत गेलेली नस कुठल्याही ऑपरेशननं, लेझरनं, थेंबानं किंवा काढ्यानं परत येत नाही. उपचार करायचा तो उरलेली नजर राखण्यासाठी. आप्पांना हे आधीच नीट समजावून सांगा, कारण थेंब टाकूनही ‘फरक पडला नाही’ म्हणून औषध सोडणारे ते एकटे नाहीत. काचबिंदूत फरक न पडणं हेच यश असतं: आज जेवढं दिसतंय तेवढंच पाच वर्षांनी दिसलं तर औषध लागू पडलं. काचबिंदू विरघळवून देतो, गेलेली नजर परत आणतो, असं सांगणारा कुणीही भेटला, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं टांगलेली असोत, तिथून उठून या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कुणाकडे जायचं. माझं मत स्पष्ट आहे. काचबिंदूसाठी मोठ्या नावापेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या. डॉक्टर पहिल्या भेटीत काय काय तपासून लिहून ठेवतात ही एक, आणि त्यांच्याकडे तुम्हाला दर तीन-चार महिन्यांनी, वर्षानुवर्षं जाता येईल का ही दुसरी. मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद या संस्था उत्तमच आहेत, पण काचबिंदू एका फेरीत संपत नाही. चेन्नईला एकदा जाऊन आलेला आणि परत न गेलेला रुग्ण साताऱ्यात नियमित तपासणाऱ्या रुग्णापेक्षा जास्त धोक्यात असतो. शिवाय या संस्थांत काचबिंदूचं खास प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आज पुण्यात आणि जिल्ह्याच्या गावांतही काम करतात.

सुरुवात साताऱ्यातून किंवा कराडमधून करा. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर डोळ्यांत एम.एस., डी.एन.बी. किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट त्यांच्या कामात निष्णात असतात, पण काचबिंदूचा उपचार ठरवणं त्यांचं काम नाही. नेत्रतज्ज्ञांमध्येही काचबिंदूची फेलोशिप, म्हणजे खास प्रशिक्षण, केलेले असतात. फोन करून सरळ विचारा, ‘तुमच्याकडे काचबिंदूचे खास डॉक्टर कोणत्या वारी असतात?’ अनेक दवाखान्यांत ते ठरावीक वारीच येतात. पुण्यात ससूनचा नेत्रविभाग आहे, हडपसरच्या बाजूला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. पैशांची अडचण असेल तर ऑपरेशनची वेळ आल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

चांगला डॉक्टर ओळखायचा कसा, तर तपासणीवरून. लांबून डोळ्यावर हवेचा झोत मारून दाब मोजतात ते चाळणीपुरतं ठीक. काचबिंदूच्या निदानाला डोळा बधिर करून, निळा प्रकाश टाकून, बुबुळाला अलगद टेकवून मोजतात तो दाब धरायचा. बुबुळाची जाडीही मोजतात. जाड बुबुळावर दाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, पातळ बुबुळावर कमी. मग गोनिओस्कोपी. यात आरशाचं छोटं भिंग डोळ्यावर ठेवून ती निचऱ्याची जाळी उघडी आहे की बुबुळामागच्या पडद्यानं झाकली गेली आहे हे बघतात. दोन-चार मिनिटांचं काम, दुखत नाही, आणि गर्दीच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा हेच राहून जातं. यावरच पुढचा सगळा उपचार ठरतो, म्हणून यावर मी अडून बसते. ती जाळी असते त्या कोपऱ्याला डॉक्टर कोन म्हणतात. ‘आप्पांचा काचबिंदू उघड्या कोनाचा की बंद कोनाचा?’ हा प्रश्न तुम्ही विचारा. उत्तर देताना डॉक्टर केसपेपरवर नजर टाकून सांगू शकले तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात.

कोन बघून झाल्यावर बाहुली मोठी करायचे थेंब टाकून मागची नस बघतात. त्या दिवशी आप्पांना गाडी चालवू देऊ नका, चार-सहा तास उन्हाचा त्रास होतो आणि जवळचं पुसट दिसतं. नसेची जाडी मोजणारा ओसीटी स्कॅन बहुतेक ठिकाणी करतात. तो शक्यतो दर वेळी एकाच मशीनवर व्हावा, कारण दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर मोजायची तपासणी, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आप्पा त्याच तपासणीला वैतागतील. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढं बसवतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, एक डोळा पट्टीनं बंद. समोर मध्यभागी एक बारीक दिवा असतो, नजर त्याच्यावरून हलवायची नाही. मग कडेला कुठंतरी ठिपका चमकतो, कधी ठळक, कधी इतका फिका की दिसला की भास झाला हेच कळत नाही. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला पाचेक मिनिटं लागतात. माणसं बाहेर येतात ती रडवेली होऊन: ‘मला निम्मे दिसलेच नाहीत, मी नापास झालो.’ आप्पांना आधीच सांगून ठेवा की हे यंत्र मुद्दाम दिसेल-न दिसेल अशा उजेडापर्यंत जातं. चांगल्या डोळ्यालाही बरेच ठिपके दिसत नाहीत. डोळे मिचकावले तरी चालतं. थकवा आला तर बटण दाबून धरायचं, बहुतेक यंत्रं तिथं थांबतात. तंत्रज्ञाला हे आधी विचारून घ्या. ठिपका शोधायला नजर फिरवली तर मात्र सगळा निकाल बिघडतो, आणि नजर किती वेळा हलली हे कागदावर छापून येतं. पहिला फील्ड बहुतेकांचा कच्चाच निघतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हात बसतो. म्हणून पहिल्या कागदावरून घाबरू नका आणि पहाटेची एस.टी. पकडून, उपाशीपोटी, थेट त्या खुर्चीत बसवू नका. आदल्या रात्रीची झोप आणि सकाळची भाकरी झालेली असू द्या.

तो छापील कागद जपून ठेवा. ‘मला दिसतंय की’ म्हणणाऱ्या माणसाला जे चार जणांनी सांगून पटत नाही ते त्या कागदावरचा काळा भाग बघून पटतं. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि प्रत्येक भेटीला न्या. काचबिंदू वाढतोय की थांबलाय हे एका भेटीत कुणालाच कळत नाही. मागचे तीन-चार कागद शेजारी ठेवले की कळतं. उद्या डॉक्टर बदलावे लागले किंवा दुसरं मत घ्यायचं झालं तर ही फाइल बाकी कशाहीपेक्षा उपयोगी पडेल. दुसरं मत घ्यायला संकोच करू नका, चांगले डॉक्टर त्यावर रागावत नाहीत.

उपचाराचं म्हणाल तर कोन उघडा असेल तर लॅटानोप्रोस्टच्या जातीचे थेंब बहुधा देतील. रात्री झोपताना एकदाच टाकायचे, आणि दम्याच्या रुग्णांना साधारणपणे ते चालतात. पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची कातडी थोडी काळवंडते, पहिल्या दिवसांत डोळे लालसर दिसतात. बाटली फोडल्यावर महिन्याभरात संपवायची, तारीख पेनानं बाटलीवरच लिहा. काही बाटल्या फोडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, मेडिकलवाल्याला विचारून घ्या. मिश्र थेंब दिले तर त्यात टिमोलॉल नाही ना हे वेष्टनावर वाचून बघा. अनेक मिश्रणांत ते असतं.

थेंब टाकणाऱ्यानं आप्पांना आडवं करावं, खालची पापणी ओढून खळगा करावा, एकच थेंब टाकावा, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरावा. त्यानं औषध नाकात कमी उतरतं. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी.

लेझरचाही पर्याय विचारा. उघड्या कोनाच्या काचबिंदूत एस.एल.टी. नावाचं लेझर करतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात आधी हे लेझर केलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ पाऊण हिस्सा रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. थेंबांचा कंटाळा करणाऱ्या आणि दमा असलेल्या आप्पांसाठी मला हा मार्ग आवडेल. परिणाम कालांतरानं उतरतो आणि सगळ्या डोळ्यांना तो मानवत नाही, हेही खरं. कोन बंद असेल तर वेगळं लेझर करून बाहुलीभोवतीच्या पडद्याला बारीक भोक पाडतात, आणि तिथं मोतीबिंदू काढल्यानंही कोन मोकळा व्हायला मदत होते. म्हणून आप्पांचा मोतीबिंदू कधी काढायचा हे काचबिंदू बघणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. निचऱ्याची नवी वाट करून देणारं ऑपरेशन असतं, पण ते थेंब आणि लेझर पुरे पडेनासे झाले किंवा नस फार झिजलेली असली की. त्यानंतरही तपासण्या आयुष्यभर चालूच राहतात.

घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा. आप्पांचा डोळा एकाएकी लाल होऊन प्रचंड दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, डोकं फुटल्यासारखं झालं, उलट्या झाल्या, तर पित्त समजून गोळी देत बसू नका. कोन एकदम बंद झाल्याचं ते लक्षण असतं. अशा वेळी रात्र असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचायचं. काही तासांच्या उशिरानं डोळा जाऊ शकतो.

तुमच्या दोघांविषयी. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल तर धोका इतरांपेक्षा बऱ्याच पटींनी जास्त असतो. होईलच असं नाही, पण तुमची चाळिशी उलटली आहे, तेव्हा आप्पांसोबत तुम्ही दोघांनीही दाब, कोन आणि नस तपासून घ्या. सगळं ठीक निघालं तरी पुन्हा कधी यायचं ते विचारून घ्या, बहुधा वर्ष-दोन वर्षांनी बोलावतील. आणि आप्पांच्या सख्ख्या भावंडांना विसरू नका, त्यांनाही धोका आहे. चुलते गावातच असतील. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या आत्यांना मात्र कुणी कळवत नाही, तेव्हा त्यांना तुम्हीच फोन करा, आणि आप्पांच्या केसपेपरवर काचबिंदूचा जो प्रकार लिहिला असेल तो त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला पाठवा.